चाक बाभळीचं, मुसळ खैराचं

वैशाखात बैलगाडीचं चाक खुळखुळायला लागलं की शेतकरी गाडी ओढ्याच्या डोहात नेऊन उभी करायचा. रात्रभर चाकं पाण्यात भिजायची. सकाळी गाडी बाहेर काढली की ढिले पडलेले आरे तुंब्यात घट्ट बसलेले असायचे आणि लोखंडी धाव पुन्हा चाकाला आवळून धरायची. सुताराला बोलवणं नाही, पाचर ठोकणं नाही. उन्हाने आखडलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं, एवढंच झालेलं असायचं.

हाच गुण घराच्या दारात आला की डोकेदुखी होतो. श्रावणात दार चौकटीत अडकतं, खांदा लावून ढकलावं लागतं. फाल्गुन लागला की त्याच दाराच्या कडेला बोटभर उजेड दिसतो. लोक सुताराला बोल लावतात, पण बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. झाड तोडलं, चिरलं, रंधलं, पॉलिश केलं आणि त्याला शंभर वर्षं लोटली, तरी लाकूड हवेतली ओल घेत-सोडत राहतं. कोणतं लाकूड किती फुगतं, कोणतं पिळतं, कोणतं उलतं, कोणाला वाळवी शिवत नाही आणि कोणाचा सहा महिन्यांत भुगा होतो, हे ओळखणं म्हणजे सुतारकीचा अर्धा भाग. आज मात्र फर्निचरच्या दुकानात गेल्यावर सगळी चौकशी एका प्रश्नावर संपते : ‘सागवानी आहे ना?’

गावच्या बलुतेदार सुताराला हा प्रश्न अपुरा वाटला असता. त्याच्या एका बैलगाडीतच दोन-चार झाडांचं लाकूड असायचं. चाक बाभळीचं, कारण खडकाळ वाटेवर चाकाला दर हातभर धक्का बसतो आणि धक्का सोसण्यात बाभळीसारखं लाकूड नाही. (इथे बाभूळ म्हणजे गावठी बाभूळ. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ निराळी.) आखाला आणि अवजारांच्या दांड्यांना धावडा. तो वाकतो, लवतो, पण सहजी मोडत नाही. इंग्रजांनी तर या झाडाचं नावच ‘आखाचं लाकूड’ असं ठेवलं. बाळंतिणीच्या लाडवांतला धावड्याचा डिंक याच झाडाचा. जू मात्र बैलाच्या मानेवर दिवसभर राहणार, म्हणून ते हलक्या पण चिवट लाकडाचं. घरातलं मुसळ खैराचं, कारण तिथे वजनच हवं. मुसळ उचलायला जड लागलं तरी कांडायचं काम त्याच्या भारानेच होतं.

लाकडांचा हा फरक आकड्यांत मांडला तर आश्चर्य वाटावं इतका मोठा आहे. वाळलेल्या पांगाऱ्याचं एक घनमीटर लाकूड सुमारे तीनशे किलो भरतं. काटेसावर त्याहून थोडी जड, साधारण चारशेच्या आत-बाहेर. साग साडेसहाशे. शिसव आणि ऐन साडेआठशेच्या आसपास. खैर हजाराच्या घरात. आणि अंजन, जो खानदेशात आणि विदर्भात उघड्या माळावर वाढतो, तो हजाराच्याही वर जातो. अंजनाचा तुकडा पाण्यात टाकला तर सरळ तळाला जाऊन बसतो. म्हणजे एकाच राज्यातल्या दोन झाडांच्या लाकडांत तिपटीहून जास्त फरक. लाकूड ज्या पदार्थाचं बनलेलं असतं तो सगळ्या झाडांत जवळपास सारखाच जड असतो. फरक पडतो तो पोकळीमुळे. पांगाऱ्याच्या पेशींच्या भिंती पातळ आणि आत हवाच हवा, अंजनाच्या भिंती जाड आणि पोकळी नावापुरती.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. इंग्रजीत लाकडाचे ‘हार्डवुड’ आणि ‘सॉफ्टवुड’ असे दोन वर्ग करतात आणि दुकानदारही ते शब्द सर्रास वापरतात. पण त्यांचा कडकपणाशी संबंध नाही. रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड, देवदार-चीड-पाइन अशा सूचिपर्णी झाडाचं ते सॉफ्टवुड. त्या हिशोबाने नखाने ओरखडा उठेल असा पांगारा हार्डवुड ठरतो. तेव्हा ‘हार्डवुडचा सोफा आहे’ एवढ्या शब्दावर भाळून जाऊ नये. कोणत्या झाडाचं, हे विचारावं.

मग सागवानाचा एवढा मान कशासाठी? देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने, जी १९०६ साली सुरू झाली, भारतीय लाकडांची तुलना करायला सागवानालाच माप ठरवलं. सागाचा प्रत्येक गुण शंभर धरायचा आणि बाकीच्यांचे गुण त्याच्याशी ताडून मांडायचे. या तक्त्यांत गंमत अशी दिसते की कडकपणात आणि धक्का सोसण्यात बाभूळ, धावडा, ऐन अशी कितीतरी गावठी झाडं सागाला मागे टाकतात. साग ज्यात जवळजवळ कोणाला हार जात नाही तो रकाना वेगळा आहे : आकार टिकवण्याचा. साग फुगतो कमी, आखडतो कमी, पिळत तर जवळपास नाहीच. सुतार ज्याला ‘गुणाचं लाकूड’ म्हणतात ते याच अर्थाने. सगळ्यांत बलवान ते नव्हे, शब्दाला जागणारं ते.

त्याचं दुसरं बळ त्याच्या तेलात आहे. सागाचं लाकूड ताजं रंधलं की चामड्यासारखा एक वास येतो, हाताला किंचित तेलकट लागतं. या तेलकट द्रव्यांत टेक्टोक्विनोन नावाचं एक संयुग असतं आणि ते वाळवीला चालत नाही. शिवाय रबरासारखा एक पदार्थ असतो, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. पण हे सगळं झाडाच्या गाभ्यात, जून झालेल्या तपकिरी लाकडात असतं. सालीलगतचा पांढुरका थर सागाचा असूनही त्यात हे संरक्षण नसतं. तो थर वाळवी बिनदिक्कत खाते.

सागवानाची खरी परीक्षा समुद्रावर झाली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकभराहून अधिक काळ मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. युरोपातली जहाजं ओकची असत. ओकमध्ये टॅनिन भरपूर, ते लोखंडी खिळे-बोल्ट खातं. लोखंड गंजलं की त्याच्या भोवतीचं लाकूडही कुजतं. सागाचं तेल उलट लोखंडाला सांभाळतं. त्यात नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये चांगल्या ओकचा तुटवडा पडला, आणि ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे मागणी नोंदवली. मलबारच्या सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आहे. दोनशे वर्षं उलटून गेली, आणि अजून पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. ज्या चीनच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, तो नानकिंगचा तह १८४२ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला. तेही मुंबईचंच, सागाचंच.

घाटावरही मोठ्या बांधकामात सागच होता. शनिवारवाड्याला सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आला असं सांगतात. १८२८ च्या आगीत त्यातलं लाकडी वैभव गेलं. पुण्यात सागाचं जुनं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर विश्रामबागवाड्यात जावं. १८०७ च्या या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्या माथ्यावरची कोरीव पानं, कणीदार नक्षी अजून धारदार आहे. रस्त्यावरच्या वाहनांचा धूर, पाऊस, ऊन सोसून ती तशी राहिली याचं श्रेय कारागिराइतकंच लाकडालाही आहे. पिळणाऱ्या, उलणाऱ्या लाकडात असली नाजूक नक्षी दोन पिढ्याही टिकत नाही.

वखारीत आजही चांगल्या सागाला ‘सीपी’ म्हणतात. कित्येक ग्राहकांना ती एखाद्या कंपनीची खूण वाटते. ती आहे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ची, म्हणजे इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांताची. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण नागपूर-चंद्रपूर-बैतूलकडच्या सागाच्या नावात राहिला. त्यातही बल्लारशा आणि आलापल्लीच्या सागाची मातब्बरी मोठी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते याच टापूतून. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ जुन्या सागवनाचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखला आहे. ‘वनवैभव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या एकेका सागाच्या खोडाला दोघांचीही कवळ पुरत नाही. पूर्ण वाढलेला साग कसा असतो हे ज्यांनी फक्त पलंगाच्या पायात पाहिलं आहे, त्यांनी एकदा तिथे जावं.

बाजारात मिळणारा बराचसा साग मात्र तिथला नसतो. म्यानमारने २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आता आफ्रिकेतल्या घाना, नायजेरियापासून दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरपर्यंत कुठून कुठून लागवडीचा साग येतो. तो खोटा नसतो. झाड तेच. पण वीस-पंचवीस वर्षांत कापलेल्या खोडात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त. पॉलिशचा गडद हात फिरला की गाभा कोणता आणि कच्चा भाग कोणता ते कळत नाही. म्हणून जाणकार माणूस पॉलिशआधी लाकूड पाहायला जातो, फळीचं टोक बघतो, नाकाजवळ नेतो.

फळीचं टोक बघण्याला आणखी एक कारण आहे. ओलं लाकूड वाळताना आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं, तोवर आकारात काही फरक पडत नाही. ओल तीसेक टक्क्यांच्या खाली गेली की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि मग लाकूड आखडायला लागतं. ते सगळ्या दिशांनी सारखं आखडत नाही, इथेच सारी मेख आहे. लांबीत ते जवळजवळ जागचं हलत नाही. गाभ्याकडून सालीकडे ते थोडं आखडतं आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या दुप्पट. फळीच्या टोकाला वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसत असतील तर ती फळी शहाणी. त्या कमानीसारख्या आडव्या पसरलेल्या असतील तर तीच फळी जास्त हलणार आणि उलट्या बाजूला वाकणार.

आकडा घेऊन बघू. विदर्भात मे महिन्यात लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांवर उतरते. कोकणात आषाढात ती सतरा-अठरापर्यंत चढते. फरक दहा-अकरा टक्क्यांचा. एक फूट रुंदीची, आडव्या रेषांची सागाची फळी एवढ्या फरकात पाच-सहा मिलिमीटर फुगते. उभ्या रेषांची असेल तर अडीच मिलिमीटर. आणि हा साग, जो सगळ्यांत कमी हलतो! याच जागी कच्च्या, न वाळलेल्या ऐनाची फळी लावली तर काय होईल ते सांगायला नको. नागपुरात बनवलेला पलंग रत्नागिरीत गेला की कुरकुरतो आणि रत्नागिरीचं कपाट नागपुरात उलतं, ते याचमुळे.

जुन्या सुतारांनी या हालचालीशी भांडण घेतलं नाही, तिला जागा करून दिली. पॅनेलचं दार नीट पाहावं. चारी बाजूंची चौकट खाच आणि कुसू घालून पक्की केलेली असते, पण मधली रुंद फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते. तिला ना खिळा, ना सरस. पावसाळ्यात ती खाचेत आत सरकते, उन्हाळ्यात बाहेर येते, आणि चौकटीला पत्ता लागत नाही. अलीकडे घाईच्या कामात हीच फळी फेव्हिकॉल लावून चिकटवली जाते. मग फुगलेली फळी चौकट तरी फोडते किंवा स्वतः मधोमध उलते. ज्या जागी मोकळीक हवी तिथे चिकटवलं, एवढीच ती चूक असते.

सागाच्या पंक्तीला मानाने बसतं ते शिसव. जांभळट काळ्या रेषांचं, कडक, तेलकट, पॉलिशविना चमकणारं. त्याला पटाशी लावायची तर धार सारखी लावून घ्यावी लागते, पण एकदा कोरलेली रेघ काचेसारखी स्वच्छ राहते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीच्या जड, नखशिखान्त कोरलेल्या खुर्च्या-टेबलं बनत. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ती युरोपापर्यंत गेली. शिसवीचं लाटणं हातात घेतलं की त्याचं मोल कळतं. पोळी दाबावी लागत नाही, लाटण्याच्या भाराने ती पसरते, आणि बारीक घट्ट पोतामुळे पीठ चिकटत नाही.

बाजारात मात्र शिसव आणि शिसम यांची सरमिसळ चालते. दोन्ही एकाच कुळातली, पण झाडं वेगळी. शिसव सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानांतलं, वाढायला अतिशय संथ. शिसम उत्तरेतल्या नद्यांच्या काठचं, सोनेरी तपकिरी रंगाचं, लागवडीतही भराभर वाढणारं. सहारनपूर-जोधपूरकडून येणारं ‘शिसम फर्निचर’ हे दुसऱ्या जातीचं. तेही चांगलं टिकाऊ लाकूड आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. फक्त शिसवीच्या भावाने शिसम घेऊ नये. जगभर या कुळातल्या झाडांची इतकी तोड झाली की २०१७ पासून त्यातल्या सगळ्या जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आल्या.

कोकणातलं घर साग-शिसवीवाचून उभं राहत आलं आहे. आढं, तुळया, वासे ऐनाचे आणि किंजळाचे. ऐन रानात ओळखायला सोपा, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. किंजळ त्याचाच भाऊबंद. हिरडा, बेहडा, अर्जुनही त्याच घराण्यातले. ऐन ताकदीला सागापेक्षा सरस, पण स्वभावाने तापट. उन्हात टाकला तर फटाफट उलतो, वाळताना पिळतो, त्याची रेषा आत उलटसुलट गुंतलेली असल्याने रंधा मारताना खपल्या निघतात. म्हणून त्याला दारा-खिडक्यांना लावत नाहीत, छपराला लावतात. तिथे अर्धा इंच पीळ पडला तरी कौलं बसायची ती बसतात. लाकडाचा दोष जिथे दोष राहत नाही ती जागा त्याला द्यायची, असा हा हिशोब आहे.

फणस हे कोकणातलं सर्वांत उपेक्षित उत्तम लाकूड, असं म्हणायला हरकत नाही. ताजं चिरलं की ते हळदीसारखं पिवळंधमक असतं. या पिवळ्या रंगात आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्षूंची वस्त्रं पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. हवा-उजेड लागत गेला की पिवळा रंग गडद होत होत पाच-दहा वर्षांत मधासारखा, पुढे लालसर तपकिरी होतो. काम करायला सोपं, वाळवीला बऱ्यापैकी दाद न देणारं. कोकणातले देव्हारे, पाट, देवळांचे खांब फणसाचे आढळतात. दक्षिणेत तर मृदंगाचं खोड आणि तंजावरची वीणा फणसाचीच. आवाज धरून ठेवण्याचा गुण त्याच्यात आहे.

आवाजाचा विषय निघाला की मिरजेला गेल्याशिवाय भागत नाही. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना पाणी देण्याचा, धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात ती माणसं तंतुवाद्यांकडे वळली. सतार-तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-सोलापूरकडच्या भीमाकाठावरून. दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली तुणाच्या लाकडाची. तुण हलकं, लालसर, घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास, आणि एकदा मुरलं की जागचं न हलणारं. तबलीचं लाकूड जड असेल तर तारेची थरथर त्यातच विरून जाते. फार मऊ असेल तर घोडीच्या दाबाने तबली बसते. हलकं असून ताठ, असं लाकूड लागतं. ओल धरून दांडी केसभर वाकली तरी स्वर सरकतो, म्हणून कारागीर मुरवलेलं जुनं लाकूडच हाती घेतात. तबल्याच्या खोडाला मात्र याच्या उलट, शिसव-खैरासारखं जड लाकूड. तिथे वाजते पुडी, खोडाने घट्ट बसून राहायचं असतं.

सावंतवाडीच्या चितारआळीत तिसराच न्याय. तिथली लाकडी फळं, भाज्या, खेळण्यातली जाती-चुली मूळची पांगाऱ्याची. कुंपणाला लावायचं हे काटेरी झाड, वसंतात पानं गळून लालभडक फुलांनी पेटतं. त्याचं लाकूड बांधकामाला कुचकामी. पण हलकं, मऊ आणि एकसारख्या पोताचं असल्यामुळे सुरीने हवं तसं कोरता येतं, रंगाचा थर शोषून घेतं, आणि लहान मुलाने डोक्यात मारलं तरी इजा होत नाही. पांगारा मिळेनासा झाला तशी चितारी मंडळी आंबा आणि इतर लाकडांकडे वळली. जुनं पांगाऱ्याचं सीताफळ आणि नवं आंब्याचं सीताफळ दोन हातांत घेतलं तर वजनातला फरक डोळे मिटूनही कळतो.

आंब्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे. आंबा म्हणजे पेट्यांचं आणि सरपणाचं लाकूड, असं आपण ठरवून टाकलं. त्याचं कारण खरं आहे : आंब्याचं लाकूड पडल्या पडल्या किडतं. त्याच्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. सहा महिन्यांत फळीखाली पिवळसर पिठाचे ढीग दिसू लागतात. पण वजनाला आंबा सागाच्या तोडीचा, खिळा-स्क्रू उत्तम धरणारा, आणि जुन्या झाडाच्या गाभ्यात तपकिरी-करड्या लाटांची अशी सुंदर नक्षी असते की ती लपवणारं पॉलिश लावू नये. जोधपूरचे कारखानदार याच आंब्याची टेबलं आणि कपाटं बनवून परदेशात पाठवतात. ते वेगळं काय करतात? चिरल्यावर लगेच लाकूड बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवतात आणि मग भट्टीत वाळवतात. एवढंच.

गावच्या सुताराकडे बोरॅक्स नव्हतं, पण युक्ती तीच होती. बाभळीचे, आंब्याचे ओंडके तो तळ्यात नाही तर ओढ्याच्या चिखलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायचा. पाण्यात पिष्ट आंबून झिरपून जातं आणि किड्यांना खायला काही उरत नाही. बाहेर काढलेल्या ओंडक्याला घाण वास यायचा, पण त्या लाकडाचं चाक पंचवीस वर्षं चालायचं. पाण्याखाली दडलेलं लाकूड कुजत का नाही, याचंही उत्तर सोपं आहे. बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. कायम पाण्यात असलेल्या लाकडाला हवा मिळत नाही. जुन्या विहिरींच्या तळाशी बसवलेलं जांभळाचं कडं म्हणूनच शंभर वर्षांनी गाळ काढतानाही टणक निघतं. लाकडाचा घात होतो तो ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे. कुंपणाचा खांब कुजतो तो जमिनीलगतच, वर नाही आणि खोल खालीही नाही.

प्लायवूडबद्दल फार लिहायची गरज नाही. पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवले की एकाची हालचाल दुसरा रोखतो, म्हणून रुंद कपाटाला प्लाय सोयीचं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांसाठी पाणी सोसणारं, आयएस ७१० शिक्क्याचं घ्यावं. कोरड्या खोलीत आयएस ३०३ चालतं. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला लगदा. ते गुळगुळीत आणि स्वस्त असतं, पण त्याच्या उघड्या कडेला पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. ओट्याखाली ते लावू नये, कोणी कितीही गळ घातली तरी. केरळातलं रबरवुड मात्र वेगळं. पंचवीस-तीस वर्षं चीक देऊन थकलेल्या झाडाचं ते खरंखुरं लाकूड आहे. आंब्यासारखंच त्यालाही किडीविरुद्ध औषध मुरवावं लागतं, आणि ते केलेलं असेल तर घरातल्या खुर्ची-टेबलाला उत्तम.

सागाचा हट्ट सगळीकडे धरल्याने दोन नुकसानं होतात. एक खिशाचं. जिथे आंबा, फणस, बाभूळ नीट चालला असता तिथे दुप्पट-तिप्पट पैसे जातात, आणि तेही बहुधा पांढऱ्या भागाच्या कोवळ्या सागासाठी. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बाकीच्या झाडांचं लाकूड सरपणाच्या भावाने जात राहतं आणि त्यावर काम करायची माहिती त्या सुतारांबरोबर संपत जाते. धावड्याच्या दांड्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी, तिरकी असेल तर कुऱ्हाड पहिल्याच घावाला मोडते, हे सांगणारे हात आता गावोगाव मोजके उरले आहेत.

तेव्हा एक विनंती. पावसाळ्यात परसातला जुना आंबा किंवा फणस उन्मळून पडला तर तो सरपणवाल्याला वजनावर देऊन टाकू नका. उभं झाड तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, पडलेल्या झाडासाठीही वनविभागाकडे चौकशी करून घ्या. मग आठवड्याच्या आत ओंडका कापगिरणीत न्या आणि दीड इंची फळ्या पाडून घ्या. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात त्या बुडवून काढा. टोकांना रंगाचा किंवा मेणाचा हात द्या, म्हणजे त्या टोकाकडून उलणार नाहीत. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा आणि वर दगड ठेवा. वर्षभर तिकडे बघू नका. पुढच्या पावसाळ्यानंतर गावातल्या सुताराला बोलवा आणि थप्पीतली एक फळी त्याच्या हातात द्या. तिचं काय करायचं ते तो सांगेल.